मुलाची साक्ष लवकर घ्या आणि एकदाच घ्या, बाकीचं नंतर बोलू

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय की लहान मुलांवरचे अत्याचार आणि दुर्लक्षाच्या केसेस कोर्टात नीट चालत नाहीत असं सगळेच म्हणतात, मग नक्की बदलायला काय पाहिजे, शिक्षा वाढवायच्या की कोर्टं वाढवायची, आणि माझ्यासारखीला त्यात काही करता येतं का. प्रश्न चांगलाय, उत्तर लांबणार आहे. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, बरीच वर्षं पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केसेसमधे मुलांच्या बाजूनं उभा राहतोय, मधे एक टर्म बालकल्याण समितीवर (काळजी आणि संरक्षण लागणाऱ्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) पण होतो, त्यामुळं दोन्ही बाजूचं सांगू शकतो. सगळं महाराष्ट्रातलं सांगतोय, बाकी राज्यांत थोडंफार इकडंतिकडं असेल.

आधी शिक्षेचं उरकून टाकू. शिक्षा वाढवून झालेल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं पोक्सोमधे बलात्काराच्या प्रकाराला किमान ७ वर्षांची १० झाली, मूल १६ च्या खालचं असेल तर २०, आणि गंभीर प्रकारात तर थेट फाशीपर्यंत नेऊन ठेवलं. माझा अनुभव असा की जिथं आरोपी घरातलाच असतो, बाप, काका, मामा, आजोबा, तिथं शिक्षा जेवढी मोठी तेवढं घर लवकर फिरतं. आई पहिल्या दिवशी फिर्याद देते आणि साक्षीच्या दिवशी फितूर होते, कारण मधल्या काळात सासरचे, माहेरचे, गावचे सगळे येऊन सांगून गेलेले असतात की वीस वर्षं आत गेला तर तुझं कोण बघणार. आणि ते बघणार कोण हा प्रश्न खोटा नसतो हो, त्यावर पुढं येतो.

नवीन कायद्याची पण फार गरज नाहीये (एक बदल मात्र मला हवाय, तो सांगतो). १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो लागू झाला तेव्हाच त्यात बहुतेक सगळं लिहिलेलं होतं. कलम ३५ वाचा: कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष, उशीर झाला तर कारण लेखी नोंदवायचं, आणि शक्यतो एक वर्षात खटला पूर्ण. कलम ३३: वकिलांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, जजला द्यायचे, जज विचारणार, मधे मधे ब्रेक द्यायचा, मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही, आक्रमक प्रश्न नाहीत. कलम ३६: साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसता कामा नये. कलम ३७: बंद दाराआड सुनावणी, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत. यापेक्षा जास्त काय लिहिणार? अडचण अशी आहे की यातली एकही गोष्ट कुणाच्या रोजच्या कामाच्या यादीत नाही, बोर्डावर त्या दिवशी ज्या साठ-सत्तर मॅटर असतात त्यातलीच ही एक मॅटर, आणि तिला तारीख मिळते तशीच मिळते जशी चेक बाउन्सला मिळते.

म्हणून माझ्या मते सुधारणा करायची तर एका ठिकाणी जोर लावा, मुलाची साक्ष लवकर झाली पाहिजे आणि एकदाच झाली पाहिजे. बाकी सगळं, खोल्या, पडदे, खेळणी, ट्रेनिंग, हे त्याच्यासाठी आहे.

आता ३० दिवसांचं प्रत्यक्षात काय होतं ते बघा. चार्जशीट येतं, आरोपीला नकला द्यायच्या असतात त्यासाठी एक तारीख, मग आरोपीचा वकील बदलतो, नवीन वकीलपत्र, त्याला वाचायला वेळ, मग आरोप ठेवायच्या दिवशी आरोपीला जेलमधून आणायला गार्ड मिळत नाही, मग जामिनाचा अर्ज येतो आणि त्याच्या मागं सगळी फाईल थांबते, आणि मग कुणीतरी म्हणतं सी.ए. रिपोर्ट अजून आला नाही. हे शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त खटकतं. फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो हे खरंय, कामाचा ढीगच तेवढा आहे, पण मुलाच्या साक्षीचा आणि सी.ए. रिपोर्टचा संबंध काय? मूल काही डीएनए सांगायला येणार नाहीये, त्याला काय झालं एवढंच सांगायचंय, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर आणि तपासी अंमलदारांच्या वेळी तो वाचा की. मी तर प्रत्येक केसमधे आरोप ठेवले की त्याच दिवशी अर्ज देतो की पहिला साक्षीदार मूलच घ्या आणि कलम ३५ चे ३० दिवस अमुक तारखेला संपतात, तारीख अर्जातच लिहायची, मग रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ते यावंच लागतं. बहुतेक जज साहेब चांगलेच असतात, समोर तारीख लिहून ठेवली की हलतात.

उशिराचं नुकसान लोकांना पूर्ण कळत नाही. सहा वर्षांचं मूल नऊ वर्षांचं होऊन साक्ष द्यायला येतं. तोपर्यंत ते अर्धं विसरलेलं असतं, म्हणजे विसरावं असंच घरच्यांनी केलेलं असतं आणि त्यांचं काही चुकलेलं नाही. मग साक्षीच्या सकाळी कॉरिडॉरमधे सरकारी वकील पाच मिनिटात जुना जबाब वाचून दाखवतात, त्यांच्याकडं पण दुसरा वेळ नसतो. आणि उलटतपासात, म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या प्रश्नांत, पहिला प्रश्न येतो, तुला काय बोलायचं ते आज कुणी सांगितलं का? मूल खरं बोलतं, हो म्हणतं. झालं, पढवून आणलेला साक्षीदार. म्हणजे उशीर कोर्टानं केला आणि त्याची किंमत मुलाच्या विश्वासार्हतेनं भरली.

त्यात मे महिना. जिल्हा न्यायालयांना उन्हाळ्याची सुट्टी आणि जून लागला की बदल्या. एप्रिलच्या शेवटी सरतपास (सरकारी वकिलांनी घेतलेली मूळ साक्ष) घेतला, उलटतपास राहिला, आणि जूनमधे खुर्चीवर नवीन जज ज्यांनी त्या मुलाला बोलताना पाहिलेलंच नाही, त्यांनी कागद वाचून निकाल द्यायचा. मूल कुठं थांबलं, कुठं रडलं, कुठल्या प्रश्नाला आईकडं बघितलं, हे कागदावर येत नाही (आलं पाहिजे खरं तर, जजनी साक्षीदाराचं वागणं नोंदवायचं असतं, पण टायपिंगच्या घाईत ते राहतं). त्यामुळं माझं साधं म्हणणं की उलटतपास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपणार असेल तरच मुलाची साक्ष सुरू करा. बचाव पक्षाचे वकील तहकुबी मागतात, आज सिनिअर नाहीत, आज तयारी नाही, तेव्हा ती नाकारायला कायदा पूर्ण साथ देतो. आणि एकदा नीट संधी दिल्यावर पुन्हा मुलाला बोलवा असा अर्ज आला तर २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं ओडिशाच्या एका केसमधे, माधव चंद्र प्रधान, तो नाकारणं बरोबर ठरवलंय, कलम ३३ पोटकलम ५ चा आधार घेऊन. हा निकाल प्रिंट काढून फाईलला लावून ठेवा.

साक्षीचा दिवस. समन्स घेऊन पैरवी हवालदार, म्हणजे कोर्टाची कामं बघणारा पोलीस, वर्दीत, गाडीवर, वाडीत चौकशी करत करत येतो की अमक्याचं घर कुठलं, पोक्सोचं समन्स आहे. ओळख उघड करायची नाही म्हणून कायद्यात कलम, पेपरवाल्यांना बंदी, आणि इकडं गल्लीला कळलं. साध्या कपड्यात या, फोन करा, आईला पोलीस स्टेशनच्या बाहेर कुठंतरी भेटून द्या, याला पैसे लागत नाहीत. मग मूल सकाळी सव्वादहाला येऊन बसतं. आरोपीचे नातेवाईक समोरच्याच बाकड्यावर. पुकारा अकराला होतो, थांबा म्हणतात, जेवणाच्या सुट्टीनंतर म्हणतात, चार वाजता कोर्टाला वेळ नाही, पुढची तारीख. त्या दिवशी त्या मुलाची शाळा बुडाली, आईची मजुरी बुडाली, आणि रात्री झोप नाही कारण परत हेच करायचंय. मेळघाटातल्या धारणीहून अचलपूरला घाट उतरून यायचं म्हणजे पहाटे अंधारात निघायचं, तिथं असं रिकाम्या हातानं परत पाठवणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मुलाची साक्ष दिवसातलं पहिलं काम, कोर्ट बसल्या बसल्या, एवढा एक नियम जिल्हा न्यायाधीशांनी सर्क्युलरनं केला तरी खूप झालं. लांबच्या तालुक्यांसाठी तर तालुक्याच्या कोर्टातल्या खोलीतून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं साक्ष घेता येते, कलम ३६ मधे तसं लिहिलेलंच आहे, आणि कोर्कू बोलणारं मूल असेल तर दुभाष्या मिळायचा हक्क कलम ३८ मधे आहे. शिपायाला विचारून काम भागवू नका. तो कदाचित गावातलाच असतो, आरोपीच्या ओळखीचा पण असू शकतो.

खोल्यांबद्दल. असुरक्षित साक्षीदार केंद्र, म्हणजे मुलासाठी वेगळं प्रवेशद्वार, वेगळी बसायची खोली, पडदा किंवा कॅमेरा. याच्या मागं महाराष्ट्रातल्याच केसेस आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू उर्फ दौलत, २०१७, मूकबधिर मुलीची केस, तिची साक्षच होऊ शकली नाही म्हणून हायकोर्टात आरोपी सुटला होता, सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला आणि प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत किमान दोन तरी अशी केंद्रं तीन महिन्यांत करा म्हणून सांगितलं. मग २०२२ च्या जानेवारीत स्मृती तुकाराम बडदे केसमधे प्रत्येक जिल्ह्यात करा म्हणून आदेश, देखरेखीला न्यायमूर्ती गीता मित्तल यांची कमिटी. केंद्रं झाली, होतायत, चांगलीच गोष्ट आहे. पण मी अशी खोली बघितलीय जिची किल्ली नाझरकडं (कोर्टाच्या कार्यालयातला अधिकारी) आणि नाझर रजेवर, आणि टेडी बेअर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. खोली आहे की नाही हा प्रश्न विचारू नका, गेल्या महिन्यात त्या खोलीत किती साक्षी झाल्या ते विचारा.

उलटतपासाबद्दल जरा सावकाश बोलतो कारण सगळं तिथंच ठरतं. बचावाला उलटतपासाचा पूर्ण हक्क आहे, असलाच पाहिजे. नवराबायकोच्या भांडणात मुलाला पुढं करून केलेल्या केसेस मी पाहिल्यात, त्या पकडल्या जातात त्या नीट उलटतपासातच. प्रश्न आहे विचारायच्या पद्धतीचा. आपल्या कोर्टात सूचना अशी येते, "असं म्हणणं खोटं आहे का की काकांनी तुला काही केलं नाही?" यात नकार किती आहेत मोजा. मोठा माणूस गडबडतो, सात वर्षांचं मूल हो म्हणतं नाहीतर नाही म्हणतं आणि दोन्हीचा अर्थ वकील नंतर लावतात. तारीख, वार, किती वाजले होते, किती वेळा, किती फूट लांब, हे प्रश्न लहान मुलाला विचारून चुका गोळा करायच्या आणि शेवटी विसंगती म्हणून मांडायच्या. म्हणून तर कलम ३३ मधे प्रश्न जजच्या तोंडून ठेवलेत. हे नवीन पण नाही, 'साक्षी' नावाच्या संस्थेच्या केसमधे २००४ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की उलटतपासाचे प्रश्न लेखी द्या, पडदा लावा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वकील उभा राहून थेट मुलाला विचारतो आणि जज टायपिस्टला सांगण्यात गुंतलेले असतात.

एक करता येतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. साक्षीच्या आदल्या तारखेला किंवा त्याच सकाळी, मूल आत यायच्या आधी, जजनी दोन्ही वकिलांना बसवून ठरवून घ्यायचं की एका वाक्यात एकच प्रश्न, दोन नकार नाहीत, वेळ विचारायची तर "शाळेतून आल्यावर का जेवणानंतर" असं विचारायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी ब्रेक, आणि मुलाला सुरवातीलाच सांगायचं की माहीत नाही, आठवत नाही, प्रश्न कळला नाही असं म्हणलं तरी चालतं. इंग्लंडमधे याला रीतसर ग्राउंड रूल्स हिअरिंग म्हणतात, तिथं तर ठरावीक केसेसमधे उलटतपास सुद्धा खटल्याच्या आधी रेकॉर्ड करून ठेवतात. आपल्याकडं एका जजनी हे स्वतःहून सुरू केलं होतं, नाव घेत नाही, त्यांच्या कोर्टात मुलाची साक्ष दीड तासात संपायची आणि बचावाचे वकील पण तक्रार करायचे नाहीत कारण त्यांना पण स्पष्ट उत्तरं मिळायची.

आता तो एक बदल. मूल आपली गोष्ट किती जणांना सांगतं मोजा: आई, कधी शिक्षिका, पोलीस ठाण्यातल्या ड्युटीवरच्या माणसाला, मग महिला पीएसआयला, डॉक्टरला, समुपदेशकाला, बालकल्याण समितीला, मग मॅजिस्ट्रेटपुढं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १६४ चा जबाब जो आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम १८३ खाली होतो, आणि सगळ्यात शेवटी कोर्टात. प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं लिहिलं जातं कारण लिहिणारा वेगळा, आणि मग तो फरक मुलाच्या अंगावर येतो. आईसलँडमधे १९९८ पासून बार्नाहुस म्हणून एक पद्धत आहे, एका घरात सगळं, प्रशिक्षित माणूस एकटा मुलाशी बोलतो, बाकीचे शेजारच्या खोलीत बसून बघतात, रेकॉर्डिंग होतं आणि तेच पुढं चालतं. आपल्याकडं घर बांधायच्या आधी एक छोटी दुरुस्ती करता येईल. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबाच्या त्याच कलमात आत्ताच अशी तरतूद आहे की साक्षीदाराला शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असेल तर तो जबाबच सरतपास धरायचा, कोर्टात फक्त उलटतपास. ही सोय बारा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना द्या. व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हायलाच पाहिजे, पंधरा दिवसांच्या आत व्हायला पाहिजे, आणि बचावाचा उलटतपासाचा हक्क जागच्या जागी राहतो. याला विरोध का असावा मला कळत नाही.

आता ते मघाचं, कोण बघणार. बाप आत गेला की घरातला पगार बंद. पोक्सो नियम २०२० मधे यासाठी तातडीच्या मदतीची तरतूद आहे, अन्न, कपडे, प्रवास यासाठी बालकल्याण समितीनं शिफारस करायची आणि आठवड्यात पैसे मिळाले पाहिजेत. शिवाय स्पेशल कोर्ट एफआयआर झाल्यावर कधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं, स्वतःहून सुद्धा. मनोधैर्य योजना, म्हणजे पीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत, ती वेगळी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. पण प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. समितीला वाटतं कोर्ट देईल, कोर्टाला वाटतं विधी सेवा देईल, विधी सेवा म्हणते कागद अपुरे आहेत, बँक खातं कुणाच्या नावावर. मी सांगतो, जेवढ्या आया फितूर होताना बघितल्या त्यातल्या कितीतरी रेशन आणि घरभाड्यापायी झाल्या, नवऱ्यावरच्या प्रेमापायी नाही. पहिल्या महिन्यात काही हजार रुपये हातात पडले असते तर केस उभी राहिली असती.

हे सगळं जोडणारं माणूस म्हणजे सपोर्ट पर्सन. नियमात २०१२ पासून आहे, पण कागदावरच होतं, २०२३ च्या ऑगस्टमधे बचपन बचाओ आंदोलन केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सपोर्ट पर्सन देणं म्हणजे कुणाची मर्जी नाही, मुलाच्या घरच्यांना सांगितलंच पाहिजे आणि दिलाच पाहिजे. पहिल्या जबाबापासून निकालापर्यंत एकच माणूस, जो तारीख सांगतो, दवाखान्यात येतो, कोर्ट आधी नेऊन दाखवतो, पैशांच्या अर्जामागं फिरतो, दर महिन्याला समितीला रिपोर्ट देतो. ज्या केसमधे हा माणूस टिकला तिथं मूल टिकलं, माझ्याकडं याची आकडेवारी नाही पण माझ्या फायलींत मला हे स्पष्ट दिसतं.

जामिनाचं थोडक्यात. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत मुलाच्या बाजूला नोटीस मिळाली पाहिजे, अर्जुन मालगे केसमधे २०२१ ला मुंबई हायकोर्टानं याच्या स्पष्ट सूचना दिल्यात. तरी आरोपी सुटून शेजारी राहायला आला हे आईला कळतं ते तो दारात दिसल्यावर. नोटीस मिळाली तर निदान शर्ती मागता येतात की त्या गावात राहायचं नाही, शाळेच्या वाटेवर यायचं नाही.

वयाचा पुरावा, यात केसेस फुकट जातात म्हणून सांगतो. बोनाफाईड आणि शाळा सोडल्याचा दाखला लावून तपासी अंमलदार मोकळे होतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मधे क्रम ठरलेला आहे, शाळेनं दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, ते पण नसेल तर वैद्यकीय तपासणी. २०२३ ला युवाप्रकाश केसमधे नुसता शाळा सोडल्याचा दाखला सुप्रीम कोर्टानं चालवून घेतला नाही. तेव्हा ग्रामपंचायतीची नोंद आणि मुख्याध्यापक रजिस्टरसकट, दोन्ही पहिल्या महिन्यातच मिळवून ठेवा.

आणि बोर्ड, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाच्या केसेसची यादी, कशानं भरलाय ते पण बोललं पाहिजे. सतरा वर्षांची मुलगी, वीस वर्षांचा मुलगा, पळून गेले, बापानं फिर्याद दिली, अशा केसेस खूप असतात. मुलगी साक्षीत सांगते मीच गेले होते. संमतीच्या वयाचा वाद इथं उघडत नाही, त्यावर माझी मतं आहेत पण ती वेगळ्या उत्तरात. पण जोपर्यंत कायदा आहे तसा आहे तोपर्यंत जजनी निदान क्रम लावावा, बारा वर्षांखालची मुलं आणि घरातला आरोपी असलेल्या केसेस बोर्डावर वर. गोव्यात २००३ चा स्वतःचा बालकायदा आहे, पोक्सोच्या नऊ वर्षं आधीचा, आणि मुलांसाठी वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट. राज्य लहान म्हणून जमलं असं म्हणता येईल, पण मुलांच्या केसेस वेगळ्या ठेवल्या की बोर्डावरची मारामारी कमी होते, हे तिथून घेण्यासारखं आहे.

दुर्लक्षाच्या केसेस मात्र स्पेशल कोर्टात नाही, बालकल्याण समितीपुढं येतात आणि तिकडं कुणाचं लक्ष नसतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, मॅजिस्ट्रेटचे अधिकार, मूल २४ तासांत हजर करायचं, १५ दिवसांत सामाजिक अहवाल, चार महिन्यांत चौकशी पूर्ण. इथला रोग उलटा आहे, इथं निर्णय फार पटकन होतो. गृहचौकशी अहवाल दोन पानी, छापील, घर एका खोलीचं, आई मजुरीला, वडील दारू पितात, मूल शाळेत जात नाही, आणि आदेश बालगृह. बालगृह सोपं पडतं कारण तिथं जागा आहे आणि सही केली की विषय संपतो. कायदा म्हणतो संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय.

बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं घ्या. दसरा-दिवाळीनंतर आईबाप टोळीबरोबर निघाले, पोरं म्हाताऱ्या आजीकडं, आजीला दिसत नाही, पोरगं चौकात फिरताना सापडलं. हे दुर्लक्ष आहे? आईबाप पाच महिने उसाच्या फडात आहेत ते कर्ज फेडायला. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मधे सुद्धा लिहिलंय की आईबापानं परिस्थितीमुळं मुलाला टाकलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही. इथं समितीनं हंगामी वसतिगृह चालू आहे का बघावं, बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये आजीच्या घरी जातील का बघावं. मी समितीवर असताना आम्ही एक सवय लावली, बालगृहाचा आदेश लिहायच्या आधी कागदावर लिहायचं की घरी ठेवायला काय काय लागलं असतं आणि त्यातलं काय करून बघितलं. दुसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर आदेश पुढं ढकलायचा. सुरवातीला परिविक्षा अधिकारी, म्हणजे हे गृहचौकशी अहवाल करणारे, चिडले, काम वाढलं म्हणून, पण मग घरी परत जाणारी मुलं दिसायला लागली. अर्थात खरंच मारहाण, उपासमार, लैंगिक त्रास असलेलं घर वेगळं, तिथं मूल त्याच दिवशी बाहेर काढायचं आणि घरची परिस्थिती वगैरे ऐकून घ्यायची नाही. हा फरक ओळखायला अहवाल करणाऱ्यानं शेजारी, अंगणवाडी सेविका, शाळा, तिन्हीकडं जाऊन यावं लागतं, फोनवर होत नाही.

आणखी एक गोची. पोक्सोची केस एकीकडं, समिती दुसरीकडं, आणि फॅमिली कोर्टात बाप मुलाला भेटायचा अर्ज घेऊन उभा. तिन्ही ठिकाणी एकमेकांचं काही माहीत नाही. ऑर्डरच्या नकला स्वतः काढून तिन्हीकडं शपथपत्रानं दाखल करा, आपोआप कुणी पाठवत नाही.

तुम्ही काय करू शकता: जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं सपोर्ट पर्सन, दुभाषे, विशेष शिक्षक यांची यादी ठेवायची असते, त्यात नाव नोंदवा. बाल हक्काच्या क्षेत्रातलं काम किंवा संस्था मागं लागते, एमएसडब्ल्यूची फिल्डवर्कची कागदपत्रं जोडा. मानधन सरकारी निधीतून असतं, उशिरा मिळतं, तयारी ठेवा. भाषा एखादी येत असेल, पावरी, कोर्कू, गोंडी, खुणांची भाषा, तर ती अर्जात ठळक लिहा, तुम्हाला नक्की बोलावणं येईल. पहिली केस मिळाली की मुलाशी घटनेबद्दल काहीही बोलू नका, एकदाही नाही, नाहीतर उलटतपासात तुमचंच नाव पढवणारी म्हणून येईल. शाळेचं वेळापत्रक आणि परीक्षेच्या तारखा घेऊन सरकारी वकिलांना द्या, साक्षीच्या आधी एखाद्या दिवशी कोर्ट सुटल्यावर मुलाला रिकामी खोली दाखवून आणा, बाथरूम कुठंय ते पण दाखवा, आणि साक्षीच्या दिवशी डबा, पाण्याची बाटली आणि चित्रकलेची वही बरोबर ठेवा, चारपर्यंत बसायची वेळ येऊ शकते.